ताटाशेजारचा ग्लास

पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या कुठल्याही साध्या खानावळीत दुपारी जेवायला बसा, आधी पावाची टोपली आणि ऑलिव्हची वाटी येते (फुकट नसते बरं का, बिलात लागते, नको असेल तर हात लावायचा नाही) आणि मेनू हातात पडायच्या आत मालक विचारतो, व्हेर्दे की मादुरो? रेड की व्हाइट हा प्रश्न नंतर. व्हेर्दे म्हणजे वरच्या मिन्यो भागातली हलकी, आंबटसर, त्याच वर्षात संपवायची वाईन, आणि मादुरो म्हणजे बाकीचा सगळा देश. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे राहायला आल्यावर माझं वाईनचं शिक्षण याच प्रश्नापासून सुरू झालं, आणि मी मूळची देवगडकडची, मासे खाणारी, त्यामुळे ते शिक्षण ताटावरूनच झालं, क्लासमधून नाही.

व्हेर्दे रेडसुद्धा असते हे बाहेर फार कमी लोकांना माहितीये. विन्याओ नावाचं द्राक्ष आहे, ज्याचा गरसुद्धा लाल असतो (बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग फक्त सालीत असतो), त्यामुळे वाईन इतकी गडद होते की ग्लासच्या आरपार काही दिसत नाही. मिन्योमध्ये जुन्या पद्धतीच्या ठिकाणी ती ग्लासात देतच नाहीत, पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात देतात. वाडगं कलंडलं की कडेला जांभळा पट्टा राहतो, तो हळूहळू खाली उतरतो, वर थोडा गुलाबी फेस असतो, आणि पहिला घोट घेतला की खरं सांगते, तोंड वाकडं होतं. आंबट, तुरट, थंड, आणि मागे काहीतरी मातकट. नुसती प्यायली तर दुसरा घोट घ्यावासा वाटणार नाही. मग कोळशावर भाजलेल्या तारल्या येतात, जाडं मीठ लावलेल्या, डोक्यासकट, तेल गळत असलेल्या, पावाच्या तुकड्यावर ठेवून हाताने खायच्या, आणि त्यानंतरचा घोट वेगळाच लागतो. तीच वाईन, तेच वाडगं, पण आता ती जिभेवरचं सगळं तेल पुसून नेते आणि पुढच्या घासाला तोंड मोकळं होतं.

आपल्याकडे तळलेल्या बांगड्यासोबत सोलकढी असते ती काही शोभेला नसते, तिचं काम असतं. इथल्या वाईनचंही तेच आहे आणि मला वाटतं पोर्तुगीज टेबल वाईनबद्दल, म्हणजे जेवणासोबत प्यायच्या साध्या वाईनबद्दल, एवढी एक गोष्ट कळली की बाकीचं आपोआप लागत जातं. ग्लास फिरवायचा, नाक घालायचं, चेरी लेदर तंबाखू असं काहीबाही म्हणायचं आणि शंभरपैकी मार्क द्यायचे, हा प्रकार या वाइन्सवर अन्याय करतो. त्यांचे कोपरे टोचतात कारण ते कोपरे ताटातल्या कशात तरी बसायचे असतात. मीही टेस्टिंगला जाते, जात नाही असं नाही, पण तिथे लाइनीत ठेवलेल्या ग्लासांमध्ये नेहमी सगळ्यात गोडसर आणि जाड वाईन जिंकते आणि घरी आणून जेवायला बसलं की तीच बॉटल अर्धी उरते.

पांढरी व्हेर्दे तर सगळ्यांना माहिती असते, सुपरमार्केटमध्ये तीन-चार युरोला मिळते, नऊ-दहा टक्के अल्कोहोल, ओतली की बारीक बुडबुडे. हे बुडबुडे पूर्वी बाटलीतच थोडं आंबणं चालू राहिल्यामुळे यायचे, आता स्वस्त बाटल्यांत बहुधा गॅस सोडलेला असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, उन्हाळ्यात गारेगार बरी लागते. मिन्यो म्हणजे आपलं कोकणच वाटावं असा भाग आहे, अटलांटिकवरून येणारा पाऊस, हिरवंगार, ग्रॅनाइटचे दगड, आणि जमिनीचे एवढेसे तुकडे. जागा कमी म्हणून लोकांनी द्राक्षवेल झाडांवर आणि मांडवांवर चढवले आणि खाली मका आणि भाजी लावली, वर हवा खेळती राहून वेल कुजत नाहीत आणि द्राक्षं खूप पिकतही नाहीत, म्हणून ही आंबट हलकी वाईन. १९०८ मध्ये या भागाची हद्द कायद्याने ठरली. पण पांढरीत मला खरी आवडते ती अगदी उत्तरेची, स्पेनच्या सीमेवरच्या नदीकाठच्या मोन्साओ आणि मेल्गासोची अल्वारिन्यो. तिथे डोंगर समुद्राचा वारा अडवतात, द्राक्ष नीट पिकतं, वाईन भरीव होते, बुडबुडे नसतात, आणि चार-पाच वर्षं ठेवली तरी बिघडत नाही, उलट सुधारते. ज्यांनी फक्त तीन युरोवाली प्यायलीये त्यांनी ही प्यायली की दोन्हींचं नाव एकच कसं असा प्रश्न पडतो.

आता एवढ्याशा देशात अडीचशेच्या वर स्थानिक द्राक्षाच्या जाती कशा टिकल्या हा विचार करण्यासारखा विषय आहे. जगभर सगळीकडे काबर्ने आणि शार्दोने या फ्रेंच जाती लावायची लाट आली तेव्हा पोर्तुगाल आपल्या कोपऱ्यात दार लावून बसला होता. सालाझारची हुकूमशाही, बाहेरचं वारं नको, पैसा नाही, आणि वाईन मात्र भरपूर. १९३० च्या दशकात सरकारी घोषणाच होती की वाईन पिणं म्हणजे दहा लाख पोर्तुगीजांच्या तोंडी भाकर घालणं! (आपल्याकडे असं पोस्टर लागलं तर काय होईल याची कल्पना करून मी एकटीच हसले होते.) याच राजवटीत दाओ भागात नियम आला की शेतकऱ्यांकडून द्राक्षं विकत घ्यायचा हक्क फक्त सहकारी संस्थांना. सहकार म्हटलं की आपल्या लोकांना पुढचं सांगायला नको. द्राक्ष चांगलं असो की सडकं भाव वजनावर, मग चांगलं पिकवायचं कोणी आणि कशाला, सगळं एका टाकीत, आणि वाईन वर्षानुवर्षं सिमेंटच्या टाक्यांत पडून कडक आणि सुकी व्हायची. व्यापाऱ्यांनी ती तयार वाईन घ्यायची आणि आपलं लेबल लावायचं. १९८६ मध्ये देश युरोपीय समुदायात गेल्यावर ही मक्तेदारी मोडली, आणि मग लोकांनी आपापल्या मळ्यात स्वतःची वाईन करायला सुरुवात केली. म्हणजे ज्या दारं लावण्यामुळे वाईन खराब झाली त्याच दारं लावण्यामुळे द्राक्षं वाचली. सालाझारचे आभार मानायची माझी तयारी नाही, पण झालं ते असं.

त्या काळात बाहेर सगळ्यात जास्त गाजली ती मातेउश रोझे, १९४२ पासूनची, सैनिकांच्या पाण्याच्या चपट्या बाटलीसारखी बाटली. गोडसर, गुलाबी, जगभर खपली. तिच्याबद्दल नाक मुरडायची फॅशन आहे, मी मुरडत नाही, पण घरी आणतही नाही.

दाओबद्दल थोडं जास्त बोलते कारण माझा जीव तिथे आहे. चारी बाजूंनी डोंगर, एका बाजूला सेरा दा एश्त्रेला, देशाच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच डोंगर, पाइनच्या जंगलात मध्येच ग्रॅनाइटच्या रेताड जमिनीवर द्राक्षाचे तुकडे. तिथलं एन्क्रुझादो नावाचं पांढरं द्राक्ष आहे. तरुणपणी त्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं, थोडं लिंबू, थोडं ओल्या दगडासारखं काहीतरी, लोक म्हणतात हे काय, आणि बाजूला ठेवतात. पाच-सहा वर्षांनी तीच बाटली उघडली की मऊ, दाट, तरीही तोंडाला पाणी आणणारी. आणि शाकाहारी मंडळींसाठी एक खास गोष्ट, त्याच डोंगराचं मेंढीच्या दुधाचं चीज आहे, केइझो दा सेरा, ते वासराच्या पोटातल्या रेनेटने नाही तर एका काटेरी झाडाच्या फुलाने नासवतात. वरचं झाकण सुरीने कापून काढायचं आणि आतलं दाटसर वाहतं चीज चमच्याने पावावर घ्यायचं, किंचित कडवट लागतं ते त्या फुलामुळे. यासोबत लोक रेड घेतात, घेऊ देत, मी एन्क्रुझादो घेते. रेड हवीच असेल तर दाओचीच, तोरिगा नासिओनाल या द्राक्षात आलफ्रोशेरो आणि जाएन ही द्राक्षं मिसळलेली, साडेतेरा टक्क्यांच्या आसपासची.

ही मिसळ हा इथला स्वभावच आहे. जुन्या मळ्यांत वीस-तीस जातींचे वेल एकत्रच लावलेले असतात, कुठला कोणता हे म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक, आणि सगळी द्राक्षं एकदम तोडून एकत्रच आंबवतात. एखादी जात पावसाने गेली तर दुसरी तारून नेते, एक रंग देते, एक आंबटपणा, एक वास. म्हणून इथे बाटली घेताना द्राक्षाचं नाव शोधत बसू नका, भाग बघा आणि करणाऱ्याचं नाव बघा.

याला सणसणीत अपवाद म्हणजे बायराडा हा भाग. पोर्तो ते लिस्बन जुन्या हायवेवर मेआल्याडा नावाचं गाव लागतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच धंदा, डुकराच्या पिल्लाची भट्टी. लसूण, मिरी आणि चरबीचं वाटण आतून भरून लाकडाच्या भट्टीत सळीवर फिरवत भाजतात, कातडं काचेसारखं तडकतं, सोबत संत्र्याच्या फोडी आणि बटाट्याच्या चकत्या. आणि त्याच मातीत, चुनखडी आणि चिकणमातीत, बागा नावाचं एकच द्राक्ष राज्य करतं. बागा उशिरा पिकतं, तोपर्यंत सप्टेंबरचा पाऊस येतो, घाबरून लवकर तोडलं तर वाईन एवढी तुरट की दाताला जीभ चिकटते. लुईश पातो नावाच्या माणसाने १९८० पासून याच द्राक्षाशी झटापट केली, देठ काढून टाकले, वेलीवरचे कच्चे घड आधीच उतरवले म्हणजे उरलेले नीट पिकतील, आणि बागाची चांगली वाईन होऊ शकते हे दाखवून दिलं. दहा वर्षं झालेली बागा आणि ते चरबीदार मांस, तुरटपणाला धरायला काहीतरी मिळतं आणि मग तो टोचत नाही. गंमत म्हणजे तिथले लोक स्वतः बऱ्याचदा पिल्लासोबत त्याच भागाची बुडबुडेवाली वाईन पितात. दोन्ही करून बघावं, मी अजून ठरवलं नाही.

दोरोवर लिहिलं नाही तर लोक रागावतील म्हणून लिहिते. दोरो म्हणजे पोर्ट, नदीकाठचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, १७५६ मध्ये पोंबाल या तेव्हाच्या मंत्र्याने आखलेली हद्द. पोर्टमध्ये आंबण्याच्या मध्येच द्राक्षाची ब्रँडी घालून साखर शिल्लक ठेवतात, ती जेवणाची वाईन नव्हे, जेवणानंतरची. साधी, ब्रँडी न घातलेली वाईन तिथे मजूर आणि घरचे प्यायचे, ती कोणी मनावर घेत नसे. फेरेरा कंपनीतल्या फेर्नांदो निकोलाउ द आल्मेदा यांनी ती मनावर घेतली. फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन आले, तिथे टाक्या थंड ठेवून सावकाश आंबवतात हे पाहिलं, आणि दोरोच्या अगदी आतल्या, उन्हाळ्यात चाळिशी गाठणाऱ्या भागात, व्हाले मेआओ नावाच्या मळ्यात तसंच करायचं ठरवलं. मळ्यात वीज नाही! मग पोर्तोजवळच्या मातोझिन्योश या मासेमारीच्या बंदरातून ट्रकने बर्फ आणायचा, तेव्हाच्या रस्त्यांवरून, आणि त्यावर टाक्या गार करायच्या. १९५२ साली पहिली बार्का व्हेल्या अशी झाली. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे की मासळीबाजाराच्या बर्फावर देशातली सगळ्यात मानाची वाईन उभी राहिली. दरवर्षी ती निघत नाही, बाटलीत भरून वर्षानुवर्षं चाखत राहतात आणि मनासारखी झाली तरच ते नाव देतात, नाहीतर खालच्या नावाने विकतात, म्हणून इतक्या वर्षांत वीसएकच निघाल्या. किंमत शेकड्यांत युरो. कुणी पाजली तर नाही म्हणणार नाही.

तिच्यामागून नव्वदीच्या दशकात सगळं दोरो टेबल वाईनकडे धावलं आणि चांगल्या वाइन्स झाल्याही, पण माझी तक्रार आहे. साडेचौदा-पंधरा टक्के, नव्या ओकच्या पिंपाचा व्हॅनिलाचा वास, बाटली एवढी जड की हातात धरून व्यायाम व्हावा, ही वाईन जेवणाला जागाच देत नाही. समोर बाकाल्याओ असेल, म्हणजे खारवलेला कॉड, रात्रभर पाणी बदलत भिजवलेला, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल, तर ही वाईन त्याला पार झोपवते. हल्ली काही जण परत उंचावरच्या थंड मळ्यांकडे वळलेत, पातळ, बारा-साडेबारा टक्क्यांची रेड करायला लागलेत, ते शोधा.

अलेंतेझूत फार रमत नाही मी, सपाट, तापलेला प्रदेश, वाईन मऊ आणि सगळ्यांना आवडणारी, लिस्बनच्या हॉटेलात बिनधास्त मागवावी अशी. बुचाची झाडं मात्र बघण्यासारखी, सालं काढून घेतलेली लालभडक खोडं आणि त्यावर साल काढल्याच्या वर्षाचा आकडा रंगवलेला, कारण परत नऊ वर्षांनीच काढायची. आणि एक गोष्ट अलेंतेझूची खास आहे, ताल्या, म्हणजे माणसाएवढ्या उंचीचे मातीचे रांजण, रोमन लोकांच्या काळापासूनचे. द्राक्षं सालीसकट रांजणात, दिवसातून दोनदा वर आलेली सालं लाकडाने खाली ढोसायची, नाहीतर गॅस कोंडून रांजण फुटतो. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, खालची तोटी ठोकून उघडतात, सालींच्याच थरातून गाळून आलेली पांढरी वाईन केशरट रंगाची निघते, सोबत भाजलेले चेस्टनट. किंचित मातीची चव लागते, सगळ्यांना झेपत नाही.

लिस्बनजवळ सिंत्राच्या खाली कोलारेश आहे, समुद्राला लागून, वाळूत द्राक्ष. १९ व्या शतकात फिलोक्सेरा या किड्याने युरोपभरचे वेल मुळापासून खाल्ले आणि सगळ्यांना अमेरिकन मुळांवर कलमं करावी लागली, पण त्या किड्याला वाळूत जगता येत नाही, म्हणून कोलारेशचे वेल आजही स्वतःच्या मुळांवर आहेत. लावताना मात्र वाळू कित्येक फूट खणून खालच्या चिकणमातीपर्यंत पोचावं लागतं, वाळू ढासळून माणूस गाडला जाऊ नये म्हणून खणणारे डोक्यावर टोपली घालायचे असं सांगतात. वेल जमिनीवर सरपटत वाढतात आणि वाऱ्यासाठी बोरूचे कुंपण. रामिश्को या द्राक्षाची रेड फिकी, खारट, आंबट, तुरट, आणि खूप वर्षं टिकणारी. बंगले बांधणाऱ्यांकडून त्या जमिनीला जास्त भाव मिळतो त्यामुळे मळे मूठभरच उरलेत. प्यायल्यावर आनंद होतो का? लगेच नाही. तळलेल्या माकुलासोबत होतो.

आता आपल्या जेवणाचं. गोव्याचा संबंध लोक लगेच जोडतात आणि तो आहेच, विंदालूचं मूळ इथल्याच वाईन-लसणाच्या मुरवणीत आहे, गोव्यात वाईनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं आणि मिरची आली. पण खुद्द विंदालूसोबत पोर्तुगीज रेड घेऊ नका, व्हिनेगर आणि मिरची मिळून वाईनचा जीव घेतात, आणि तुरट वाईन तिखटाला आणखी भडकवते. तिखट जेवणाला कमी अल्कोहोलची, गार, थोडी फळांची चव असलेली पांढरी बरी, लोरेरो द्राक्षाची व्हेर्दे उत्तम. नारळाच्या रसातलं कोळंबीचं कालवण आणि अल्वारिन्यो, हे माझ्या घरी पाहुण्यांना हमखास मिळतं. भरलं वांगं आणि दाओची रेड जमते, दाण्याच्या कुटाचं तेल तिला पुरतं. पापलेट तळलेलं असेल तर लिस्बनच्या वरच्या बुसेलासची अरिन्तो, लिंबू पिळायचीसुद्धा गरज पडत नाही. आणि गोव्यात पोर्ट म्हणून जी गोड लाल बाटली मिळते तिचा आणि दोरोचा काही संबंध नाही, ती बर्फ घालून प्या नाहीतर कशीही प्या.

भारतात इथली बाटली घ्यायची म्हणजे वर्षानुवर्षं दीडशे टक्के कस्टम ड्युटी भरत आलोय आपण, त्यापेक्षा कुणी येत-जात असेल त्याच्या बॅगेत घालावी. माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री. साध्या दोन बाटल्या दीड लिटर होतात, तिसरी बसत नाही, आणि इथेच कोलारेशवाले कामाला येतात, त्यांची रामिश्को अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते. म्हणजे एक एन्क्रुझादो, एक बागा, एक रामिश्को, बरोबर दोन लिटर. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत, आणि उन्हाळ्यात मुंबईत कुणी बाटल्या नेत असेल तर घरी पोचल्यावर आधी फ्रिज, मग चहा.